पेरूचे ग्वानोयुग

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या इतिहासातील सु. १८४० ते १८८० हा कालखंड. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेल्या ग्वानो ह्या नैसर्गिक खताच्या निर्यातीवर ह्या चाळीस वर्षांत पेरूचे शासन चालले, म्हणून त्यास हे नाव पडले. निसर्गाकडून अनायासे मिळालेल्या संपत्तीचा शासनसंस्थांच्या घडणीवर काय परिणाम होतो, ह्या प्रश्नाची चर्चा करताना अभ्यासक ह्या कालखंडाकडे वारंवार वळतात. त्याचे कारण असे, की येथे संपत्ती परकीयांच्या मालकीची नव्हती. जवळजवळ प्रारंभापासून ती शासनाची होती आणि विक्रीच्या उत्पन्नातील मोठा वाटा शासनाच्याच तिजोरीत पडला. असे असूनही कालखंडाच्या अखेरीस शासनाचे दिवाळे निघाले, सैन्याचा पराभव झाला आणि राजधानी शत्रूच्या ताब्यात गेली. परकीयांनी लूट केली म्हणून देश बुडाला, हे सोपे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा हंबोल्ट हा शीत प्रवाह माशांनी समृद्ध आहे. त्यांवर जगणारे ग्वानाय नावाचे पाणकावळे, पीकेरो, पेलिकन इ. पक्षी किनाऱ्यानजीकच्या निर्जन बेटांवर लक्षावधींच्या संख्येने वस्ती करतात. ह्या पट्ट्यात पाऊस जवळजवळ पडतच नसल्याने विष्ठेतील नायट्रोजन वाहून जात नाही आणि शतकानुशतके थरावर थर साचत जातात. पिस्को बंदरासमोरील तीन चिंचा बेटांवर हे थर काही ठिकाणी सु. ४५ मी. जाडीचे होते. खताचा गुण इंका लोकांना पूर्णपणे ज्ञात होता. विणीच्या हंगामात बेटांवर पाऊल ठेवणाऱ्यास देहान्ताची शिक्षा असे, असे मातेकडून इंका वंशाचा असलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला व्हेगा ह्याने नमूद केले आहे. जर्मन शास्त्रज्ञ हंबोल्टने १८०४ मध्ये ग्वानोचे नमुने यूरोपात नेले. तथापि पुढील तीन-साडेतीन दशके त्यांकडे व्यापाऱ्यांचे लक्ष गेले नाही. लीबिखचा कृषिरसायनशास्त्रावरील ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी ह्या खताची प्रचीती घेतली. त्यानंतर मात्र मागणी झपाट्याने वाढली.

ह्या वेळी पेरूमध्ये शासन असे फारसे नव्हते. स्वातंत्र्याची घोषणा १८२१ मध्ये झाली होती. परंतु त्यानंतरची दोन दशके लष्करी सरदारांच्या आपापसांतील झगड्यांत गेली. राष्ट्राध्यक्ष आगुस्तीन गामारा १८४१ मध्ये बोलिव्हियावरील स्वारीत इंगावी येथे मारला गेला व देशात पुन्हा अराजक माजले. जो सरदार लीमा शहर आणि कायाओ बंदर काबीज करी, तो राष्ट्राध्यक्ष. शासनाच्या उत्पन्नाचे मुख्य आधार दोनच होते : बंदरातील जकात आणि अँडीज पर्वतातील मूळ रहिवाशांकडून, म्हणजे इंडियन शेतकऱ्यांकडून, घेतली जाणारी डोईपट्टी. स्पॅनिश अमदानीतील हा कर १८२१ मध्ये रद्द करण्यात आला होता. पण पैशावाचून चालेना, म्हणून १८२६ मध्ये तो नाव बदलून पुन्हा बसविण्यात आला.

डोईपट्टी हा कर जुलमी होता ह्यात शंका नाही. वंशावर आधारलेला, गरिबांवर सर्वाधिक भार टाकणारा आणि वसुलीच्या प्रत्येक पायरीवर लाचेला वाव देणारा असा तो होता. पण शासनसंस्थेच्या दृष्टीने त्याची दुसरीही बाजू होती. कर घ्यायचा तर करदाता कोण, तो कोठे राहतो, त्याच्याकडे जमीन किती, हे ठाऊक असावे लागे. त्यासाठी नोंदवह्या ठेवाव्या लागत व त्या काही वर्षांनी नव्याने कराव्या लागत. कर देणाऱ्या गावाची सामाईक जमीन टिकून राहणे हे शासनाच्याही हिताचे असे. गावकरी जमिनीच्या तंट्यात आपल्या कराच्या पावत्या पुराव्यादाखल पुढे करीत. लीमा आणि दूरच्या डोंगरी खेड्यांना जोडणारा जो एक दुवा होता, तो हाच.

पहिला मक्ता १८४० मध्ये फ्रान्सिस्को किरोस ह्या पेरूव्हियन व्यापाऱ्याला अल्प मोबदल्यात देण्यात आला. यूरोपातील खरा भाव कळताच १८४१ मध्ये शासनाने तो मोडीत काढून ग्वानो ही राष्ट्राची मालमत्ता असल्याचे जाहीर केले. पुढे अडतीची पद्धत रूढ झाली. माल शासनाचा, तो काढणे, जहाजावर चढविणे, परदेशी वखारीत ठेवणे व विकणे ही कामे व्यापारी पेढीने करावयाची आणि खर्च व अडत कापून उरलेली रक्कम शासनास द्यावयाची, असा हा व्यवहार होता. लंडनची अँटनी गिब्ज ही पेढी ह्या व्यापारात १८४२ मध्ये आली आणि १८४९ पासून सु. १२ वर्षे ब्रिटनची बाजारपेठ तिच्या एकटीच्या हाती राहिली. कागदोपत्री ही पद्धत शासनास फायदेशीर होती. हिशेबनीसांची उणीव असलेल्या शासनाला अडत्याने दाखविलेला खर्च तपासता येत नसे, हे खरे. तरीही संपूर्ण कालखंडाचा विचार करता विक्रीच्या उत्पन्नापैकी सु. साठ टक्के शासनास मिळाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खनिजसंपत्तीच्या व्यवहारात त्या काळी एवढा वाटा क्वचितच कोणा शासनाच्या पदरी पडला असेल.

खरी अडचण उचलीची होती. माल विकून पैसे हाती येण्यास अनेक महिने लागत. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला तेवढी उसंत नसे. म्हणून प्रत्येक करारासोबत पेढीने शासनास आगाऊ रक्कम द्यावी व ती पुढील विक्रीतून व्याजासह कापून घ्यावी, अशी प्रथा पडली. पुढे उचल हाच कराराचा मुख्य भाग झाला आणि करार कोणास द्यावयाचा, हे तो किती रोकड तत्काळ देतो ह्यावर ठरू लागले. ग्वानो अद्याप बेटावरच असे. त्याचे पैसे मात्र खर्च होऊन गेलेले असत.

रामोन कास्तिया (कार. १८४५–५१ व १८५५–६२) ह्या मेस्तिसो लष्करी नेत्याच्या काळात ह्या पैशाने प्रथमच स्थैर्य आणले, हे मान्य केले पाहिजे. सैनिकांना पगार वेळेवर मिळू लागल्याने बंडे कमी झाली. देशाचे पहिले अंदाजपत्रक तयार झाले, थकलेल्या विदेशी कर्जाची फेड पुन्हा सुरू झाली. १८५२ मध्ये नागरी विधिसंहिता अंमलात आली, आणि १८६० चे संविधान, अधूनमधून खंड पडूनही, १९२० पर्यंत टिकले. ग्वानोने पेरूचे शासन बिघडविले, असे म्हणण्यापूर्वी ग्वानोनेच ते प्रथम उभे केले, हे ध्यानात घ्यावे लागते.

ह्याच काळात दोन मोठे निर्णय झाले. राष्ट्राध्यक्ष होसे रूफीनो एचेनीके (कार. १८५१–५५) ह्याच्याविरुद्ध कास्तियाने बंड पुकारले, तेव्हा लोकांचा पाठिंबा मिळविण्याकरिता त्याने जुलै १८५४ मध्ये डोईपट्टी रद्द केल्याचे आणि डिसेंबरमध्ये गुलामगिरी नष्ट केल्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णय न्याय्य होते आणि दोन्ही ग्वानोमुळेच शक्य झाले. सु. २५,००० गुलामांच्या मालकांना दरडोई ३०० पेसो भरपाई देण्यात आली. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. भरपाईचा पैसा किनाऱ्यावरील ऊस व कापूस मळ्यांत गुंतला आणि गुलामांच्या जागी चीनमधून मुदतबंद मजूर आणण्यात आले.

डोईपट्टी रद्द होण्याचे परिणाम अधिक खोल व संथ होते. शेतकऱ्याच्या डोक्यावरील एक ओझे उतरले. पण त्याबरोबर नोंदवह्या अद्ययावत ठेवण्याचे कारणही उरले नाही. ज्या गावाकडून काही घ्यावयाचे नाही, त्या गावाच्या जमिनीचे संरक्षण करण्यात शासनाला स्वारस्य राहिले नाही. जिल्ह्याचा अंमलदार, ज्याला वसुलीवर वाटा मिळत असे, तो आता स्थानिक जमीनदाराच्या कृपेवर किंवा वेठबिगारीवर गुजराण करू लागला. शासनाचे उत्पन्न शेतकऱ्यांच्या घामातून येण्याऐवजी किनाऱ्यानजीकच्या तीन बेटांवरून येऊ लागले. अँडीजमधील बहुसंख्य प्रजा, जिच्यापैकी फार थोड्यांना स्पॅनिश भाषा येत असे, लीमाच्या हिशेबातून हळूहळू वगळली गेली. १८४० च्या दशकाच्या मध्यास शासकीय उत्पन्नात ग्वानोचा वाटा अगदी किरकोळ होता; १८६० नंतर काही वर्षी तो तीन चतुर्थांशांहून अधिक झाला.

अनायासे आलेल्या पैशाने हिशेबाची शिस्त कशी सैल होते, ह्याचे उदाहरण एचेनीकेच्या काळातच दिसले होते. स्वातंत्र्ययुद्धात व नंतरच्या यादवीत ज्यांची गुरे, धान्य वा रोकड सैन्याने नेली, त्यांना शासनाने रोखे द्यावेत, असा १८५० चा कायदा होता. कल्पना चांगली होती : देशांतील लहानमोठे धनको शासनाशी बांधले जावेत. परंतु दाव्यांची छाननी करणारी विश्वसनीय यंत्रणाच नव्हती. बनावट सह्यांच्या पावत्या, मृतांच्या नावावरील दावे आणि फुगविलेले आकडे मान्य होत गेले आणि देणे दोन कोटी पेसोंच्या वर गेले. त्यातील बराचसा भाग थोड्या वजनदार व्यक्तींच्या हाती एकवटला. एचेनीकेविरुद्धच्या बंडाला ह्या प्रकरणाने धार आणली. पण विजयानंतर चौकशी होऊनही कास्तियाच्या राजवटीने अखेर ते देणे मान्यच केले. रोखेधारक आता राजवटीला आधारभूत झाले होते.

एवढा पैसा गेला कोठे, ह्याचा बारकाईने हिशेब शेन हंट ह्या अर्थशास्त्रीय इतिहासकाराने १९७३ मध्ये मांडला. त्याच्या अंदाजानुसार ग्वानोच्या उत्पन्नापैकी सु. २९ % नागरी नोकरशाही वाढविण्यात, २४·५ % लष्करावर, २० % रेल्वेवर, ११·५ % देशांतील धनकोंना व इतरांना देण्यात, ८ % परकीयांची देणी फेडण्यात आणि ७ % गरिबांवरील डोईपट्टी रद्द करण्यात खर्ची पडले. निम्म्याहून अधिक रक्कम पगार आणि निवृत्तिवेतनात गेली, असा त्याचा इत्यर्थ. नोकरशाही वाढली, परंतु तिची क्षमता वाढली नाही, कारण बहुतेक पदे कामासाठी नव्हे, तर माणसांसाठी निर्माण झाली होती. लीमामधील मध्यमवर्गाला सरकारी नोकरी हेच उपजीविकेचे साधन वाटू लागले.

ज्या श्रमांतून हा पैसा निघे, त्यांच्याशी शासनाचा संबंध केवळ मालकाचा होता. १८४९ ते १८७४ ह्या काळात सु. ९० हजार ते एक लाख चिनी मजूर पेरूत आणण्यात आले. त्यांपैकी काहींना चिंचा बेटांवर जुंपण्यात आले. अमोनियाच्या उग्र वासात, धुळीत, गोड्या पाण्याचा एकही झरा नसलेल्या बेटांवर त्यांना रोज ठरावीक वजनाचे ग्वानो खणावे लागे. कड्यावरून उडी टाकून जीव देणाऱ्यांचे उल्लेख समकालीन प्रवाशांच्या लेखनात सापडतात. मजुरांना झालेल्या वागणुकीबद्दल ब्रिटन व चीनमधून निषेध झाल्यावरच लीमामधील शासनाने हालचाल केली.

सर्व उत्पन्न एका ठिकाणी असणे ही राजकीय दृष्ट्याही धोक्याची गोष्ट ठरली. एप्रिल १८६४ मध्ये स्पेनच्या आरमाराने जुन्या मागण्यांचे निमित्त करून चिंचा बेटे ताब्यात घेतली. देशाच्या मुख्य भूमीवर एकही शत्रुसैनिक उतरला नव्हता, तरी शासनाची नाडी आवळली गेली. राष्ट्राध्यक्ष हुआन आंतोन्यो पेसेतने जानेवारी १८६५ मध्ये अपमानकारक अटी मान्य करून बेटे सोडवून घेतली. त्याबद्दल त्याच वर्षी त्याला पदच्युत व्हावे लागले. २ मे १८६६ रोजी कायाओ येथे स्पॅनिश आरमार परतविण्यात आले, परंतु युद्धखर्चाने तिजोरी रिकामी झाली.

ह्या पेचातून बाहेर पडण्यासाठी मारियानो इग्नास्यो प्रादोच्या राजवटीतील अर्थसचिव मान्वेल पार्दो (१८३४–७८) ह्याने १८६६ मध्ये नवे कर बसविण्याचा प्रयत्न केला. त्यांत सर्वांना सारखी लागू होणारी एक दरडोई पट्टीही होती. कल्पना समतेची होती. पण बारा वर्षांत वसुलीची यंत्रणा आणि प्रजेचा विश्वास ही दोन्ही लयास गेली होती. पूनो प्रांतातील वांकाने येथे शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यांची बाजू घेणारा हुआन बुस्तामान्ते हा माजी लोकप्रतिनिधी जानेवारी १८६८ मध्ये मारला गेला. तत्पूर्वीच प्रादोची राजवट कोसळू लागली होती, आणि करसुधारणा तिच्याबरोबर गेली. हा प्रसंग पेरूच्या इतिहासग्रंथांत थोडक्यात आटोपला जातो. वस्तुतः ग्वानोयुगातून माघारी फिरण्याची अखेरची संधी तीच होती, असे म्हणावयास जागा आहे.

पुढील राष्ट्राध्यक्ष होसे बाल्ता (कार. १८६८–७२) ह्याने उलट दिशा धरली. त्याचा तीस वर्षांचा अर्थमंत्री निकोलास दे प्येरोला (१८३९–१९१३) ह्याने १८६९ मध्ये पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी वीस लाख टन ग्वानोचा करार केला. पेढीने शासनास दरमहा ठरावीक रक्कम द्यावी आणि विदेशी कर्जाचे हप्ते परस्पर भरावेत, असे त्यात होते. १८६२ पासून अडतीचा व्यापार बव्हंशी लीमामधील देशी व्यापाऱ्यांकडे होता. आपला हक्क डावलला म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. शासनाने तो निर्णय पाळला नाही. काँग्रेसकडून, म्हणजे संसदेकडून, कराराला मान्यता मिळवून प्रकरण मिटविले. देशी व्यापाऱ्यांनीही ह्याआधी शासनास चढ्या व्याजाने उचल देऊन आपला लाभ साधला होता, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांची तक्रार तत्त्वाची कमी व वाट्याची अधिक होती. तथापि न्यायालयाचा निर्णय गैरसोयीचा असल्यास तो बाजूला सारता येतो, हे ह्या निमित्ताने सर्वांस दिसले.

ड्रेफस कराराच्या तारणावर १८७० मध्ये सु. १·२ कोटी पौंडांचे आणि १८७२ मध्ये सु. ३·७ कोटी पौंडांचे कर्ज यूरोपात उभारण्याचे ठरले. दुसऱ्या कर्जाची विक्री फसली. तरीही पेरू हा लंडनच्या बाजारातील लॅटिन अमेरिकी देशांपैकी सर्वांत मोठा ऋणको बनला. पैसा रेल्वेत गेला. अमेरिकन कंत्राटदार हेन्री मीग्ज ह्याने समुद्रसपाटीपासून सु. ४,८०० मी. उंचीपर्यंत अँडीज चढणारा लोहमार्ग आखला. अभियांत्रिकीतील तो एक चमत्कारच. परंतु त्यावरून वाहून न्यावयाचा माल त्या काळी नव्हता. ग्वानो संपण्यापूर्वी त्याचे रेल्वेत रूपांतर करावे, हा विचार स्वतः पार्दोने १८६० च्या सुमारास मांडला होता. तो विचार अमलात आला तो उधारीवर आणि एकदम.

बाल्ताची कारकीर्द संपत असता जुलै १८७२ मध्ये गुत्येरेस बंधू ह्या लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले व त्यात बाल्ताचा खून झाला. लीमाच्या जमावाने बंड मोडून काढले आणि पार्दो हा पहिला निर्वाचित नागरी राष्ट्राध्यक्ष म्हणून अधिकारावर आला. त्याने सैन्य कमी केले, स्थानिक परिषदांना कर बसविण्याचे अधिकार दिले, संख्याशास्त्र विभाग स्थापन केला. त्या विभागाने केलेल्या १८७६ च्या जनगणनेत लोकसंख्या सु. २७ लाख भरली. पेरूची पुढची राष्ट्रीय जनगणना १९४० मध्ये झाली, ह्यावरून त्या प्रयत्नाचे मोल आणि त्याचे पुढे काय झाले, हे दोन्ही कळते. पार्दो हिशेब लावू लागला तेव्हा चिंचा बेटांवरील साठे संपत आले होते, चिलीमार्गे येणारा व पेरूच्याच तारापाका प्रांतात सापडणारा सोरा ग्वानोला मागे टाकू लागला होता आणि १८७३ च्या जागतिक मंदीने नवे कर्ज दुर्मिळ झाले होते. सोऱ्यावर सरकारी मक्तेदारी आणण्याचा, पुढे १८७५ मध्ये त्याचे कारखाने रोख्यांच्या बदल्यात ताब्यात घेण्याचा मार्ग त्याने पत्करला. म्हणजे एका नैसर्गिक संपत्तीची जागा दुसरीने भरून काढावयाची. १८७६ च्या प्रारंभी विदेशी कर्जाचे हप्ते थांबले. पार्दो स्वतः नोव्हेंबर १८७८ मध्ये, सीनेटचा अध्यक्ष असता, एका सार्जंटच्या गोळीस बळी पडला.

एप्रिल १८७९ मध्ये चिलीशी युद्ध जुंपले (पॅसिफिक युद्ध, १८७९–८३). ग्वानोच्या भरभराटीत बांधून घेतलेल्या दोन चिलखती जहाजांपैकी ‘इंदिपेंदेन्स्या’ मे महिन्यात खडकावर फुटले व ‘वास्कार’ ऑक्टोबरमध्ये शत्रूच्या हाती पडले. पत गेलेल्या देशाला नवी जहाजे कोणी देईना. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष प्रादो शस्त्रखरेदीच्या नावाखाली देश सोडून गेला व प्येरोलाने सत्ता बळकावली. जानेवारी १८८१ मध्ये चिलीच्या फौजा लीमामध्ये शिरल्या. अँडीजमधील शेतकऱ्यांच्या टोळ्यांनी आंद्रेस कासेरेसच्या नेतृत्वाखाली पुढे दोन वर्षे झुंज दिली. ज्यांना शासनाने तीस वर्षे हिशेबात धरले नव्हते, त्यांनी ती दिली, ही गोष्ट इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. आंकोनच्या तहाने (१८८३) तारापाका चिलीकडे गेला.

ह्या प्रकरणाचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. जोनाथन लेव्हिनने १९६० मध्ये ग्वानोला परकीयांनी वेढलेली, देशाच्या अर्थव्यवस्थेशी न जुळलेली निर्यात मानले. हंटने शासनाचा मोठा वाटा दाखवून ते मत खोडले. पेरूचा इतिहासकार एराक्ल्यो बोनिया ह्याने देशी भांडवलदार वर्गाच्या दुबळेपणावर बोट ठेवले. पॉल गूटेनबर्गने त्या काळच्या पेरूव्हियन विचारवंतांना धोका आधीच दिसत होता, हे दाखविले. नैसर्गिक संपत्ती हा शापच, असे सरसकट विधान १९९० नंतरच्या अर्थशास्त्रीय लेखनात पुष्कळदा आढळते. तेही तपासून घ्यावे लागते. नॉर्वेत १९६९ मध्ये तेल सापडले, तेव्हा करवसुली, संसद आणि लेखापरीक्षण ह्यांची घडी पूर्वीच बसली होती. बोट्‌स्वानात १९६७ मध्ये हिरे सापडले, तेव्हा राष्ट्र नुकतेच स्वतंत्र झाले होते. पण प्रमुख व ग्रामसभा ह्यांच्यातील जुन्या जबाबदारीची परंपरा टिकून होती. खुद्द चिलीला तारापाका मिळाल्यावर सोऱ्यावरील निर्यातकराने कित्येक वर्षे शासनाचे सु. निम्मे उत्पन्न पुरविले, अंतर्गत कर सैल पडले आणि कृत्रिम नायट्रेट बाजारात आल्यावर त्यालाही ते महागात पडले. पेरूत ग्वानो आले ते शासन आकाराला येण्याच्या ऐन वेळी. प्रजेशी कराच्या, हिशेबाच्या आणि प्रतिनिधित्वाच्या नात्याने बांधले जाण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

युद्धानंतर ती गरज परत आली, आणि तिच्याबरोबर जुनी पट्टीही. वाराझ येथे १८८५ मध्ये पेद्रो पाब्लो आतुस्पार्या ह्या गावप्रमुखाच्या नेतृत्वाखाली तिच्याविरुद्ध मोठा उठाव झाला. १८९० मध्ये रोखेधारकांच्या कंपनीला कर्जमाफीच्या बदल्यात ६६ वर्षांसाठी रेल्वे आणि तीस लाख टनांपर्यंत ग्वानो देण्यात आले. पुन्हा सत्तेवर आलेल्या प्येरोलाने (कार. १८९५–९९) दरडोई पट्टी अखेर रद्द केली व करवसुलीचे काम एका खासगी कंपनीकडे सोपविले, शासनापाशी त्यासाठी माणसेच नव्हती.

१९०९ मध्ये ग्वानो प्रशासन कंपनी स्थापन करण्यात आली. तिने बेटांवर पहारेकरी नेमले, विणीच्या काळात तेथे जाण्यास बंदी केली, आळीपाळीने एकेक बेट खणण्याची पद्धत घातली आणि माल प्रामुख्याने देशांतील शेतकऱ्यांसाठी राखून ठेवला. पक्ष्यांची संख्या वाढू लागली. शतकाच्या मध्यास वर्षाला तीन लाख टनांपर्यंत ग्वानो निघत असे.